बिननंबरी गाडी

गुरुवारच्या दिवशीं अक्कलकोटास जाणाऱ्या माणसानें रस्त्यानें चालतांना अधूनमधून मागें वळून पाहण्याची संवय लावून घ्यावी. पूर्वीं टांगा आला तर घुंगरूं वाजत. फटफटीचें तर नांवच तिच्या आवाजावरून पडलेलें, त्यामुळें ती चौकाच्या पलीकडूनच आपली वर्दी देई. आतांची विजेची दुचाकी मात्र मांजराच्या पावलांनीं येते, आणि कोपराला वारा लागला म्हणजे कळतें कीं, कोणीतरी शेजारून निघून गेलें. वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या गर्दींत अशाच एका गाडीला वाट देतांना आमचें लक्ष तिच्या पाठीमागें गेलें. तेथें क्रमांकाची पाटीच नव्हती. चालविणारा मुलगा फार तर चौदा वर्षांचा असावा. मागें त्याची आजी पूजेचें ताट सांभाळीत निर्धास्तपणें बसली होती.

त्याच दिवशीं सायंकाळीं बाजारांतल्या एका दुकानापुढें आम्ही उगीच रेंगाळत होतों. आंत एक वृद्ध शेतकरी नव्या गाडीचा सौदा करीत होता. दुकानदार म्हणत होता, “घेऊन जावा की मामा! नंबर नको, लायसन नको, विमा नको, हेल्मेट नको. पोलिसानं विचारलं तर सांगायचं, ही सायकल हाय.” शेतकऱ्यानें गाडीभोंवतीं एक फेरी घातली, वांकून पाहिलें आणि विचारलें, “सायकल म्हनतो, मग पायडल कुठं हाय रं?” दुकानदार हंसला. “पायडल नसलं तरी कायद्यानं सायकलच की!”

हें उत्तर अर्धें खरें आहे. तें अर्धें खरें कसें झालें आणि उरलेलें अर्धें कोठें राहिलें, ह्याचा इतिहास पाहूं गेल्यास तो दीडशें वर्षांहून अधिक मागें जातो.

रस्त्यावरील वाहनांचा कायदा मोटारीबरोबर जन्मास आला, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. १८६० च्या दंडसंहितेच्या २७९ व्या कलमान्वयें सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणें कोणतेंहि वाहन हांकणें किंवा स्वारी करणें हा गुन्हा होता. तेव्हां आमच्याकडे वाहन म्हणजे बैलगाडी, मेणा किंवा साहेबाची बग्गी. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता अमलांत आली व कलमाचा आंकडा २८१ झाला. परंतु त्यांतील ‘कोणतेंहि वाहन’ हे शब्द राहिले. तेव्हां बिननंबरी गाडीवाल्यास कोणताच कायदा विचारीत नाहीं, हें म्हणणें पहिल्याच पायरीवर घसरतें. मुंबई सरकारनें १८६३ सालीं भाड्याच्या गाड्यांसाठीं निराळा कायदा केला, तोहि घोड्याच्याच जमान्यांत.

यंत्राचें भय खरें वाटलें तें विलायतेस. १८६५ च्या तेथील कायद्यानें यंत्राच्या गाडीपुढें साठ यार्डांवर एका माणसानें तांबडें निशाण घेऊन चालावें असें फर्मावलें, आणि वेगाची सीमा उघड्या रस्त्यावर ताशीं ४ मैल व वस्तींत २ मैल ठरविली. म्हणजे यंत्राला माणसाच्या पायाचा वेग दिला! हें जोखड १८९६ सालीं निघालें. गंमत अशी कीं, ज्या गाडीस आपण आज अगदीं नवी समजतों ती विजेची गाडी ह्या काळांतलीच आहे. गुस्ताव्ह त्रूव्हे ह्यानें पॅरिसमध्यें विजेवर चालणारी तीनचाकी १८८१ सालीं चालवून दाखविली. चाकाच्या तुंब्यांतच विजेचें यंत्र बसविलेल्या सायकलीचें पेटंट अमेरिकेंत ओग्डेन बोल्टन ह्यानें १८९५ सालीं मिळविलें. अक्कलकोटच्या दुकानांत उभ्या असलेल्या गाडीचेंहि यंत्र मागच्या चाकाच्या तुंब्यांतच होतें. आणि रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती १८९९ सालीं कामीय जेनात्झी ह्याच्या विजेच्या मोटारीनें, पेट्रोलच्या नव्हे. पुढें पेट्रोल स्वस्त झालें, विद्युत्-घट जड व अल्पायुषी राहिले, आणि वीज रस्त्यावरून हटली. तिच्या मागून जे कायदे झाले त्यांचीं मापें पेट्रोलच्या यंत्रावरून घेतलीं गेलीं, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार होती.

मुंबई इलाख्यांत मोटारींचा कायदा १९०४ सालीं झाला. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं १९१४ सालीं. ह्या १९१४ च्या कायद्यांतील व्याख्या आज वाचतांना नवल वाटतें. विजेच्या किंवा यांत्रिक शक्तीनें पूर्णतः अथवा अंशतः चालणारें कोणतेंहि वाहन तींत मोटार म्हणून धरलें होतें. ‘विजेच्या’ हा शब्द तींत आहे आणि ‘अंशतः’ हाहि आहे. अर्धें पायानें व अर्धें विजेनें चालणारी आजची सायकल त्या व्याख्येच्या जाळ्यांतून निसटली नसती.

परंतु अक्कलकोटास तो कायदा आपोआप लागू नव्हता. शाहू महाराजांनीं पुत्रवत् मानलेल्या फत्तेसिंह भोसल्यांच्या वंशाचें हें सुमारें ५०० चौरस मैलांचें संस्थान. सोलापूर ब्रिटिश मुलखांत, अक्कलकोट संस्थानांत, आणि पलीकडे आळंद-गुलबर्ग्याकडे निजामाचें राज्य. चाळीस-पन्नास मैलांच्या वाटेवर तीन सत्ता आणि कायदेशीर दृष्ट्या तीन मुलूख. मोटारगाडी ही वस्तु अशा तुकड्यातुकड्यांच्या देशाला मुळीं मानवणारीच नव्हती. बैलाला सरहद्द फार तर दिवसांतून एकदां लागे, मोटारीला ती तासांत दोनदां लागूं लागली. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्याच वर्षीं निजामी मुलूखहि भारतांत आला, आणि हा प्रश्न सुटला. भाषेची सरहद्द मात्र राहिली. १९६७ च्या महाजन आयोगाच्या शिफारशींत अक्कलकोट तालुका पलीकडे देण्याची सूचना होती, व तो वाद अद्यापि मधूनमधून डोकें वर काढतो. पण सोलापूरच्या ‘एम एच १३’ ह्या अक्षरांची पाटी लावलेली गाडी आज गाणगापुरापर्यंत कोणासहि न विचारतां जाते, कारण एका राज्यांतील नोंदणी सर्व देशांत ग्राह्य, हें कायद्याचें ४६ वें कलम. जिला पाटीच नाहीं तिला ह्या कलमाचा लाभ कोठून?

आतां सायकलीकडे वळूं. कारण दुकानदारानें आश्रय घेतला तो तिचाच. आमच्या वाडवडिलांनीं जिला ‘पायगाडी’ म्हटलें ती अगदीं मोकळी होती असें मानणें म्हणजे भूतकाळावर मेहेरबानी करणें होय. पुष्कळ नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत व कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. दिवेलागणीनंतर दिव्याशिवाय सायकल चालविणें आणि एका सायकलीवर दोघांनीं बसणें हे दोन गुन्हे पुण्यासारख्या शहरांतल्या सबंध पिढ्यांच्या परिचयाचे होते. कोपऱ्यावर शिपायाची टोपी दिसतांच मागचा गडी उडी मारून साळसूदपणें पायीं चालूं लागे. पायगाडीला परवाना नव्हता हें खरें; पण तिला बिल्ला होता, दिवा होता आणि शिपायाचा धाकहि होता. आज ‘सायकल’ म्हणून विकली जाणारी विजेची गाडी त्या खऱ्या सायकलीहूनहि अधिक मोकळी झाली आहे.

१९३९ च्या मोटार कायद्यानें व्याख्या रुंदच ठेविली. त्या कायद्यांतली खरी मोलाची गोष्ट मात्र निराळी, आणि तिची आठवण आज फारच थोड्यांस आहे. त्याच्या आठव्या प्रकरणानें, मोटारीनें ज्याला इजा होईल त्या परक्या माणसासाठीं विमा उतरणें मालकावर बंधनकारक केलें. हें प्रकरण लगेच अमलांत आलें नाहीं. तें १ जुलै १९४६ पासून लागू झालें. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें अपघाताच्या भरपाईसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली, म्हणजे पाय मोडलेल्या मजुरास दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षें झिजवाव्या लागूं नयेत. गाडीचा क्रमांक हा सरकारनें मालकावर लादलेला भार आहे, असें आपण समजतों. ह्या दोन सालांनंतर तो त्या मजुराचा आधार झाला. क्रमांकावरून मालक, मालकावरून विमा व विम्यावरून भरपाई, अशी ती सांखळी आहे.

१९७२ सालीं महाराष्ट्रांत दोन गाड्या जन्मल्या: बजाजांची ‘चेतक’ आणि फिरोदियांची ‘लूना’. चेतक कुटुंबवत्सल; लूना मात्र खऱ्या अर्थानें सायकलीची धाकटी बहीण. तिला पायडल होतें, चढावर तें मारावेंहि लागे, आणि यंत्र ५० घनसेंटिमीटरच्या आंतलें. शिक्षक, टपालवाले, दूधवाले, कॉलेजांतल्या मुली ह्या सर्वांस तिनें पायांवरून उचलून चाकांवर ठेविलें. तरीहि लूना मोटारच ठरली. तिला क्रमांक लागला, परवाना लागला. १९८८ च्या कायद्यानें सोळा वर्षांच्या मुलास ५० घनसेंटिमीटरपर्यंतची दुचाकी चालविण्याची मुभा दिली, एवढीच काय ती सवलत.

ह्याच १९८८ च्या कायद्यानें व्याख्येच्या भिंतीला पहिली खिडकी पाडली. चारांहून कमी चाकें व ३५ घनसेंटिमीटरपर्यंतचें यंत्र असलेलें वाहन मोटार समजूं नये, असें त्यांत म्हटलें. सायकलीला छोटें यंत्र जोडून चालविणाऱ्यांसाठीं ती खिडकी होती. १९९४ च्या दुरुस्तीनें ती लहान करून २५ वर आणली. परंतु हें माप कशाचें? ज्या नळकांड्यांत पेट्रोलचा भडका उडतो त्या नळकांड्याच्या पोकळीचें. विजेच्या यंत्रास अशी पोकळीच नसते. शून्य घनसेंटिमीटरचें यंत्र २५ हून कमीच, म्हणून विजेवर चालणारी कोणतीहि दुचाकी मोटार नव्हे, असा तर्क एखाद्या वकिलानें लढविला असता तर त्याला हंसून सोडतां आलें नसतें.

तेव्हां माप बदलणें भाग पडलें. जगांत तें आधींच बदलूं लागलें होतें. पाय मारला कीं यंत्रानें हात द्यावा, अशी सायकल जपानांत यामाहा कंपनीनें १९९३ सालीं बाजारांत आणली. युरोपनें २००२ सालीं अशा सायकलींसाठीं पाव किलोवॉट शक्ति व ताशीं २५ किलोमीटर वेग ही रेषा आंखली. आमच्या सरकारनें केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००५ सालीं दुरुस्ती केली ती ह्याच आंकड्यांवर. ३० मिनिटें टिकणारी शक्ति २५० वॉटांहून कमी आणि अधिकांत अधिक वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी असेल, तर विद्युत्-घटावर चालणारें वाहन मोटार गणूं नये. पायडल मारावयाच्या सायकलींसाठीं आणखी असें कीं, २५ चा वेग येतांच किंवा पाय थांबतांच यंत्रानें थांबावें, आणि पुढें पांढरा व मागें तांबडा परावर्तक असावा. जुन्या पायगाडीचा दिवा असा मागच्या दारानें पुन्हां नियमांत आला, ह्याचें आम्हांस बरें वाटलें.

पण ह्या नियमाचा खरा कणा त्याच्या एका साध्या वाक्यांशांत आहे. ह्या अटी शासनानें मान्य केलेल्या परीक्षण-संस्थेनें तपासून प्रमाणित केल्या असल्या पाहिजेत. अशा संस्थांपैकीं एक, १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्यांतच आहे. म्हणजे गाडी सायकल आहे कीं मोटार, हें ठरविणारा दुकानदार नव्हे, पोलीस नव्हे, आणि खरेदीदारहि नव्हे. तें त्या प्रमाणपत्रानें ठरतें. दुकानदाराचें उत्तर अर्धें खरें म्हटलें तें ह्याचसाठीं. पायडल नसलें तरी गाडी ह्या सवलतींत बसूं शकते. पण प्रमाणपत्र नसेल तर ती दिसण्यांत कितीहि गरीब असली तरी मोटारच.

आणि प्रमाणपत्र असूनहि ती उद्यां मोटार होऊं शकते. दुकानांत आम्ही उभे असतां कामावरच्या पोरानें मोठ्या कौतुकानें शेतकऱ्यास आसनाखालची एक तार दाखविली. “ही वायर काढली की पंचेचाळीसनं पळतीय बघा मामा.” ती तार काढण्यास दोन मिनिटेंहि लागत नसतील; पण त्या दोन मिनिटांत सायकलीची मोटार होते, आणि तीहि नोंदणी, विमा व परवाना ह्यांपैकीं कांहींच नसलेली. गाडींत नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागें ५ हजार रुपये दंड, आणि नियमबाह्य मोटार विकणाऱ्या व्यापाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागें १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा, असें २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेलें १८२-अ हें कलम सांगतें. अल्पवयी मुलाच्या हातून मोटार चालवितांना गुन्हा घडल्यास १९९-अ ह्या कलमानें त्याच्या पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होतो. सकाळीं पाहिलेल्या त्या मुलाच्या गाडीची तार शाबूत होती कीं नाहीं, हें आम्हांस कळण्यास मार्ग नव्हता. त्याच्या बापाला तरी तें ठाऊक असेल काय?

ही केवळ अक्कलकोटची कथा नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यांत देशांत ठिकठिकाणीं विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, तेव्हां महाराष्ट्रांत परिवहन खात्यानें फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली. केंद्र सरकारनें घटांच्या सुरक्षिततेचे कडक निकष त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानें लागू केले. दिल्लींत तर ह्या खिडकींतून आणखी मोठें वाहन आंत शिरलें होतें. विजेच्या रिक्षा ‘आम्ही मोटार नव्हेच’ असें म्हणत हजारोंनीं रस्त्यावर आल्या. ३१ जुलै २०१४ रोजीं तेथील उच्च न्यायालयानें त्यांस बंदी केली. हातावर पोट असलेल्या चालकांचा एकच आकांत झाला. अखेर २०१५ सालीं कायदा दुरुस्त करून ४,००० वॉटांपर्यंतच्या ई-रिक्षेस मोटारींतच, पण निराळी, जागा देण्यांत आली. बंदीपूर्वीं त्या रिक्षेला कांहींच नव्हतें. कायद्यानंतर तिला पाटी, परवाना व विमा मिळाला, आणि चालकाचा धंदाहि राहिला.

सरकारनें विजेच्या मोटारींवर भारच टाकला असें म्हणतां येणार नाहीं. २०१८ पासून त्यांस हिरवी पाटी मिळाली, आणि २०२१ च्या ऑगस्टांत नोंदणी-प्रमाणपत्राचें शुल्कहि माफ झालें. चेतक २०२० सालीं व लूना २०२४ सालीं विजेच्या होऊन परत आल्या, आणि दोघीहि निमूटपणें हिरवी पाटी लावतात. २०२५ च्या राज्य नियमांनीं विजेच्या दुचाकी-टॅक्सीसहि वाट दिली, पण १ लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठीं. सोलापूर त्यांत बसतें. सुमारें ४० हजारांचें अक्कलकोट बसत नाहीं. गांवांत भाविकांची जी रीघ लागते ती मोजली तर हा आंकडा कोणत्या दिवशीं कोठें जाईल, ह्याचा विचार नियम करणारांनीं केला नसावा.

आतां त्या शेतकऱ्याकडे परत येऊं. प्रमाणित सवलतीची गाडी त्यानें घेतली आणि दुधनीच्या वाटेवर ती एखाद्या बाईच्या अंगावर गेली, तर ती गाडी मोटार नसल्यामुळें त्या बाईला मोटार अपघात न्यायाधिकरणाचें दार बंद. मोटारीनें ठोकरून पळ काढला तरी २०२२ च्या योजनेप्रमाणें मृताच्या वारसांस २ लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. येथें तेंहि नाहीं, कारण ती योजनाहि मोटारीच्याच अपघाताची. तिला उरतें तें दिवाणी न्यायालय, म्हणजे १९५६ च्या पूर्वींचें जग. आणि तार काढलेली असेल तर उलट होतें. गाडी मोटार ठरते, न्यायाधिकरणाचें दार उघडतें, पण विमा नसल्यामुळें भरपाईची सारी रक्कम त्या शेतकऱ्याच्या गांठीची, मग ती शेत विकून कां असेना.

आम्हीं दुकानदारास विचारलें, “प्रमाणपत्र दाखवितां काय?” त्यानें खण उघडला, कागद चाळले, पोराला आंत पाठविलें. पोरगा एक रंगीत जाहिरात-पत्रक घेऊन आला. त्यांत गाडी, तिच्यावर बसलेली एक हंसतमुख मुलगी आणि हप्त्यांचा तक्ता होता. दुकानदार म्हणाला, “मालक, पेपर सोलापूरला हायेत. सोमवारी मागवतो.” शेतकरी इतका वेळ हातानें आसन चेपून पाहत होता. त्यानें मान वर केली.

“आन् हिनं कुनाला लागलं तर?”

दुकानदार म्हणाला, “कशाला लागतंय मामा!”

शेतकऱ्यानें पटक्याच्या शेवटाला बांधलेले पैसे चांचपले व पुन्हां नीट खोंचले. “सोमवारी येतो,” तो म्हणाला, “कागद येऊ द्या.” आणि तो एस. टी. च्या थांब्याकडे चालूं लागला. आम्हीहि त्याच वाटेनें निघालों. रस्त्यांत दोनदां आम्ही मागें वळून पाहिलें.